वऱ्हाडातल्या काळ्या शिलाई मशीनचा धागा

१/
वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर. यांपैकी कोणत्याही गावाच्या जुन्या वस्तीतून सकाळी दहाच्या सुमारास चालत जा. एखाद्या दारावर रंगाने लिहिलेली पाटी दिसेल : ‘येथे ब्लाउज, फॉल-पिको व अल्टर करून मिळेल.’ आतून खटखट आवाज येत असतो. ओसरीवर, उजेडाच्या बाजूला, ओतीव लोखंडाची एक काळी मशीन असते आणि तिच्या अंगावर झिजत आलेली सोनेरी वेलबुट्टी. ती चालवणाऱ्या बाईपेक्षा मशीनचेच वय पुष्कळदा जास्त असते.

२/
मित्रहो, आजचा धागा या मशीनविषयी आहे. (धाग्याचा धागा, हा विनोद इथेच संपवू.) ही वस्तू वऱ्हाडात आली कशी, प्रथम कोणाच्या हाती पडली आणि ओसरीवरच्या बाईपर्यंत पोहोचायला तिला इतका काळ का लागला, हे पाहायचे आहे. ‘मशीन आली आणि घरच्या बायकांचे कष्ट वाचले’ असे एक सोपे उत्तर सर्वत्र दिले जाते. ते निदान आपल्याकडे तरी खरे नाही.

३/
आधी सुईविषयी. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेचा राजा हरिषेण. अजिंठ्याचे १६ व्या क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतले, हे तिथल्या शिलालेखावरून कळते. अजिंठ्याच्या चित्रांत राजे-राण्या बहुतेक न शिवलेल्या वस्त्रांत आहेत. मात्र नर्तकी, सेवक आणि परदेशी पाहुणे यांच्या अंगावर शिवलेले कपडे दिसतात. १ ल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रातील नर्तकीची लांब बाह्यांची चोळी एकदा निरखून पाहा. ‘मुसलमानी अमदानीपूर्वी आपल्याकडे शिवणकाम नव्हते’ हे विधान अजूनही ऐकू येते. वत्सगुल्माच्या राजांच्या काळातली ही भिंत त्याला परस्पर उत्तर देते.

४/
तरीही सामान्य माणसाच्या अंगावर शिवलेले फार थोडे असे. धोतर, उपरणे, पागोटे, लुगडे, घोंगडी ही सगळी मागावरून उतरली की तशीच नेसायची किंवा पांघरायची. शिवायचे ते बंडी, बाराबंदी, अंगरखा, लेकराची कुंची आणि खणाची चोळी. यातली चोळी पुष्कळदा घरीच, हातशिलाईने होई. जुन्या लुगड्यांची वाकळ तर घरीच शिवली जाई. तिचा टाका घालायला कोणी शिंपी बोलावल्याचे कधी ऐकले नाही.

५/
मोलाने शिवणारा तो शिंपी. गावगाड्यात त्याचे स्थान अलुतेदारांत धरतात. निरनिराळ्या याद्यांत फरक आहेत, पण शिंपी बहुतेक यादीत सापडतो. बारा बलुत्यांत तो नाही, कारण नांगर आणि मोट यांवाचून शेती अडते, अंगरख्यावाचून अडत नाही. या जातीचे सर्वांत मोठे नाव मात्र इथून फार दूर नाही. संत नामदेवांचे जन्मगाव परंपरेने मानले जाते ते नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. सुई, कात्री आणि गज ही हत्यारे मराठी भक्तिकाव्यात आली ती त्यांच्या घरातून.

६/
आणखी एक परंपरा या जिल्ह्यातलीच आहे आणि तिचा उल्लेख शिवणाच्या इतिहासात हटकून राहून जातो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. तांड्यातल्या बायकांची फेटिया आणि काचळी म्हणजे आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे दाट भरतकाम. ते सारे हाताने होते, घरच्या घरी, आईकडून मुलीकडे. म्हणजे वऱ्हाडात सुई चालवणारी बाई मशीनच्या कितीतरी आधी होती. नव्हते ते तिला मिळणारे मोल.

७/
आता समुद्रापार जाऊ. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवण्यासाठी सुमारे ८० यंत्रे बसवली. १८३१ मध्ये शहरातल्या शिंप्यांनी आत घुसून ती मोडून टाकली. आपला घास जाणार ही त्यांची भीती खोटी नव्हती. यंत्रे धन्याची होती आणि शिंप्यांच्या हाती उरणार होती ती फक्त मजुरी.

८/
पुढे १८४६ मध्ये अमेरिकेत इलायस हाव याने दुहेरी दोऱ्याच्या टाक्याचे पेटंट घेतले. मुख्य युक्ती सुईत होती. आपल्या हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, मशीनच्या सुईचे ते पुढच्या, अणकुचीदार टोकाशी नेले. सुई कापडातून खाली जाते, किंचित वर उचलली जाताच दोऱ्याचा फास तयार होतो, खालचे शटल किंवा आकडा तो फास पकडून खालच्या दोऱ्याभोवती फिरवतो आणि दोन्ही दोरे कापडाच्या बरोबर मध्यावर एकमेकांत अडकतात. वरचा ताण जास्त झाला तर खालचा दोरा वर डोकावतो, कमी झाला तर खाली दोऱ्याचे घरटे होते. एकशे पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, पण ओसरीवरच्या मशीनमध्ये आजही हेच घडते.

९/
आयझॅक सिंगर हा या यंत्राचा जनक नव्हे. त्याचे पेटंट १८५१ चे, आणि हावला त्याला स्वामित्वधन मोजावे लागले. त्याची कंपनी मोठी झाली ती मुख्यतः विक्रीच्या रीतीमुळे. त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ च्या सुमारास हप्त्याने मशीन देण्याची पद्धत सुरू केली. थोडी रक्कम द्या, मशीन घरी न्या, उरलेले पैसे तिच्यावरच कमवून फेडा. आज मोबाइलपासून ट्रॅक्टरपर्यंत जे हप्ते आपण भरतो, त्यांच्या वंशावळीत शिलाई मशीनचे नाव बरेच वर लिहावे लागेल.

१०/
आपल्याकडे आढळणाऱ्या जुन्या सिंगरपैकी पुष्कळ मशीन स्कॉटलंडमधल्या. ग्लासगोजवळ क्लाइडबँक येथे किलबोवीचा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला. १९१३ या एका वर्षात तिथून तेरा लाखांच्या आसपास मशीन बाहेर पडल्या. तुमच्या घरच्या मशीनच्या मॉडेलला १५के, २८के, ६६के असे नाव असेल, तर त्यातला ‘के’ म्हणजे किलबोवी.

याच कारखान्यात मार्च १९११ मध्ये लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बारा बायकांनी वाढवलेल्या कामाविरुद्ध हत्यार खाली ठेवले आणि काही दिवसांत दहा हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले. संप फसला, पुष्कळांना कामावरून काढले गेले. त्या काळातली एखादी लाकडी पेटी आज वाशिमच्या माळ्यावर धूळ खात असेल. तिच्यावरचा हात कोणाचा होता हे आता कळण्याचा मार्ग नाही.

११/
स्कॉटलंडचे यंत्र वऱ्हाडात येण्यामागे वऱ्हाडातूनच बाहेर गेलेली एक वस्तू आहे : कापूस. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे सगळ्यांचे डोळे लागले. १८६७ मध्ये आगगाडी भुसावळकडून वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. येथून गाठी मुंबईला, तेथून इंग्लंडला. परत येताना त्याच वाटेने गिरणीचे कापड, रिळाचा दोरा, सुया आणि काही वर्षांनी ती शिवणारी मशीन.

१२/
याच आगगाडीने आणखी एक गोष्ट केली. शतकानुशतके बैलांच्या तांड्यांवर धान्य, मीठ आणि कापूस वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा व्यवसाय तिने संपवला. काळी मशीन ज्या मार्गाने आली, त्याच मार्गाने काचळी शिवणाऱ्या बाईच्या घरचा धंदा गेला. ‘प्रगती’ हा शब्द लिहिताना हे दोन्ही एका ओळीत लिहावे असे मला वाटते.

१३/
खुद्द वाशिम तेव्हा आगगाडीपासून दूर. इंग्रजी कागदांत ‘बाशीम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या फेररचनेत तो अकोल्यात विलीन झाला आणि पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. माल अकोल्यापर्यंत आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने. कारंजाचे नशीब वेगळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंजावरून धावू लागली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची ती पुढे ‘शकुंतला’ म्हणून प्रसिद्ध झाली. ती घातली कापसासाठी. पण गाडी कधी एकाच दिशेने भरून धावत नाही.

१४/
सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाच्या हाती होता. अमेरिका-युरोपात कंपनीची जाहिरात गृहिणीला उद्देशून असे : मशीनपाशी प्रसन्न चेहऱ्याची आई, शेजारी मुले. येथे त्या चित्राला गिऱ्हाईक मर्यादित होते. लुगडे शिवावे लागत नाही आणि धोतर तर नाहीच. मशीन विकत घेणारा हिंदुस्थानातला मोठा वर्ग होता तो पुरुष शिंप्यांचा. दुकानाच्या ओट्यावर मांडी घालून, हाताने चाक फिरवीत शिवणारा शिंपी हे आपल्याकडील मशीनचे पहिले खरे चित्र.

१५/
मग प्रश्न पडतो : पॅरिसप्रमाणे येथे मशीन का फोडल्या गेल्या नाहीत? माझ्या मते कारण साधे आहे. येथे मशीन कारखानदाराची नव्हती, शिंप्याची स्वतःची होती. ती एका माणसाने उचलून नेण्याजोगी, हाताने चालणारी, बिघडली तर गावात खोलता येणारी. शिवाय त्याच सुमारास कापडाचा भाव उतरत होता आणि सदरा, कोट, पोलके, शाळेची चड्डी अशी शिवायच्या कपड्यांची संख्या वाढत होती. मशीनने शिंप्याचे काम हिरावले नाही, ते वाढवले. मागावरच्या कोष्ट्याला मात्र हे भाग्य लाभले नाही.

१६/
येथे गांधीजींचा एक प्रसंग सांगायलाच हवा. ‘हिंद स्वराज’ (१९०९) मध्ये यंत्रांवर कठोर टीका करणारे गांधीजी १९२४ मध्ये एका तरुणाशी बोलताना सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद करतात. आजवर निघालेल्या मोजक्या उपयुक्त वस्तूंपैकी ती एक, असे त्यांचे म्हणणे; आणि कारण असे की बायकोला टाका-टाका शिवताना पाहून सिंगरने केवळ तिच्या प्रेमापोटी हे यंत्र घडवले. त्या तरुणाने लगेच पेचात धरले : मग ही यंत्रे बनवायला मोठा कारखाना लागेल, त्याचे काय? गांधीजींनी उत्तर दिले की असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारच्या ताब्यात असावेत.

१७/
प्रसंग खरा आहे. सिंगरची कथा मात्र खरी नाही. हा गृहस्थ हरहुन्नरी नट होता, एकाच वेळी अनेक संसार मांडणारा, वीसहून अधिक मुलांचा बाप. यंत्रात हात घातला तो पैशासाठी, हे त्याच्या चरित्रावरून उघड दिसते. गांधीजींच्या कानावर आलेली गोष्ट मशीन विकणाऱ्या शतकाने स्वतःसाठी रचलेल्या अनेक गोड गोष्टींपैकी एक असावी. तरी गांधीजींच्या निकषात तथ्य आहे. यंत्राने माणसाचे अंग वाचवावे, माणूस निरुपयोगी करू नये. काळी मशीन त्या निकषाला उतरली, मग सिंगर कसाही असो.

१८/
मशीन ओट्यावरून ओसरीवर, पुरुषाकडून बाईकडे कशी गेली? पहिली वाट शाळेची. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले. परिचारिका आणि शिक्षिका यांच्या शिक्षणाबरोबर तेथे शिवणाचेही वर्ग होते. विधवा, टाकलेल्या, शिक्षण अर्धवट राहिलेल्या स्त्रिया यांना घरी बसून चार पैसे मिळावेत हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रभर नंतर निघालेल्या महिला मंडळांच्या शिवणवर्गांची कल्पना याच जातीची आहे. ‘घरी बसून’ या दोन शब्दांकडे लक्ष ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहेत.

१९/
दुसरी वाट वेशभूषेची, आणि तिच्याविषयी पुरेसे लिहिले जात नाही.

नऊवारी लुगडे काष्टा घालून नेसले की आत काही लागत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुली पाचवारी, गोल पातळ नेसू लागल्या आणि परकर अनिवार्य झाला. चोळीची गाठ गेली. पोलके, झंपर आणि मग ब्लाउज आला, तोही अंगाला नेमका बसणारा, टक्स घातलेला. एका लुगड्यापाठी जिथे एक सैलसर चोळी होती, तिथे एका पातळापाठी दोन शिवलेले कपडे आले. पुढे साडीला फॉल लावणे आणि पिको करणे हेही जोडीला आले.

मात्र ब्लाउजला माप लागते, आणि पुरुष शिंप्याने माप घेणे गावात प्रशस्त मानले जात नसे. त्यावर उपाय म्हणून जुने ब्लाउज ‘मापाचे’ म्हणून पाठवायचे. त्यात अंग बदलले तर शिवण चुकायचे. शेजारची बाई शिवणारी असेल तर हा प्रश्नच मिटला. घरगुती शिलाई टिकली ती या संकोचाच्या आधाराने, स्वस्ताईच्या आधाराने नव्हे, असे माझे मत आहे.

२०/
तिसरी वाट मापाच्या शास्त्राची. पूर्वी बेतणे ही गुरूच्या हाताखाली बसून शिकायची विद्या. घरातल्या मुलाला ती मिळे, बाहेरच्या बाईला नाही. छातीच्या मापाच्या अपूर्णांकांवरून कागदावर आकृती काढण्याची पद्धत छापील पुस्तकांत आली आणि ही विद्या मोकळी झाली. झारापकरांचे नाव महाराष्ट्रातल्या जुन्या शिवणाऱ्या बाईला आजही सांगावे लागत नाही. नंतर आयटीआयचे कटिंग व स्युइंगचे वर्ग आले. खाकी कागदावर काढलेल्या त्या आकृत्यांच्या वह्या अनेक घरांत अजून आहेत. आमच्याकडच्या अभिलेखागारांनी त्या जमवायला हव्यात, पण त्यांचा समावेश ‘दस्तऐवज’ या शब्दात होतो असे अजून कोणाला वाटलेले नाही.

२१/
चौथी वाट किमतीची. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये ‘उषा’ तयार होऊ लागली. लाला श्रीराम यांनी तो उद्योग हाती घेऊन वाढवला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि सिंगरची जागा उषाने, तसेच लुधियानाच्या ‘रीटा’सारख्या मशीनने घेतली. लग्नात मुलीला आंदण म्हणून मशीन देण्याची चाल या काळात फोफावली. दागिन्यावर सासरची नजर असे. मशीन मात्र ‘तिची’ राहण्याची शक्यता अधिक होती.

२२/
यंत्राच्या जाणकारांसाठी एक तपशील. उषाची नेहमीची काळी मशीन रचनेने सिंगरच्या १५ नंबरच्या वर्गाची आहे. युद्धानंतर जपाननेही याच वर्गाच्या नकला लाखोंनी काढल्या. त्यामुळे बॉबिन आणि बॉबिनची डबी एकमेकींना चालते, सुईही तीच. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मशीनला लागणारा भाग आजही अकोल्याच्या बाजारात मिळतो तो या योगायोगामुळे. याउलट २७ आणि २८ नंबरच्या मशीन, ज्यांत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शटल आणि बोटासारखी लांब बॉबिन असते, त्या एक बॉबिन हरवली तरी अडतात. अंगावर सोनेरी स्फिंक्स असलेली देखणी मशीन घरात नुसती शोभेला उभी असेल तर बहुधा तिचे दुखणे हेच.

२३/
जुन्या मशीन टिकल्या त्या केवळ आठवणीपोटी नाहीत. सांगाडा ओतीव लोखंडाचा, आतले सगळे भाग धातूचे; झिजतात, पण तुटत नाहीत. तेलाची छिद्रे उघडी, म्हणून घरच्या बाईला देखभाल जमते. टीप फक्त सरळ मारता येते, पण ब्लाउज, परकर आणि अल्टरला आणखी काय लागते? वर पायटा. २००५ नंतरची काही वर्षे आठवा. वऱ्हाडच्या गावांत दिवसाकाठी कित्येक तास वीज नसे. मोटरवरचे काम ठप्प होई आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरणारे ते मोठे चाक चालू राही. लग्नसराईत हा फरक गिऱ्हाइकाला बरोबर कळतो.

२४/
अल्टर हा या धंद्यातला आता सर्वांत मोठा भाग होऊ पाहतो आहे. तयार कपडे आले तेव्हा घरगुती शिलाई संपेल असे वाटले होते. झाले उलटे. तयार कपडा कोणाच्याच मापाचा नसतो. जीन्स खालून कापायची, कुर्ती दोन्ही बगलांत घ्यायची, शाळेच्या गणवेशाची शिवण उसवून ढिली करायची. शिवताना आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात. जुना शिंपी भरपूर माया सोडी, म्हणून एकाच सदऱ्यात मुलगा तीन वर्षे काढी. कारखान्यातल्या कपड्यात माया जवळजवळ नसते, कारण लाखो नगांत अर्धा इंच वाचवणे म्हणजे नफा. ढिले करायला आलेला कपडा परत पाठवताना बाई ‘यात मायाच नाही’ म्हणते, ते निव्वळ तांत्रिक विधान असते.

२५/
या धंद्याचे पंचांग कापसाचे आणि सोयाबीनचे आहे. माल विकला की दिवाळीचे कपडे, मग लग्नसराई, जूनमध्ये गणवेश. पिकाने दगा दिला की शिलाईचे पैसे वहीत राहतात आणि वहीतली नावे शेजारणींचीच असल्याने तगादा लावता येत नाही. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विशेष पॅकेज दिले, त्यांत वाशिम होता. त्या वर्षांपासून मागे राहिलेल्या बाईला शिलाई मशीन देणे हा मदतीचा ठरलेला प्रकार होऊन बसला. फोटो चांगला येतो. पण एका गल्लीत पाच मशीन झाल्या तर ब्लाउज पाचपट होत नाहीत. मशीनबरोबर बेतायला शिकवणारे कोणी, काज-इंटरलॉकची सोय आणि गावाबाहेरचे गिऱ्हाईक मिळाले तिथे काम उभे राहिले; नुसती मशीन मिळाली तिथे ती गोणपाटाखाली गेली.

२६/
संस्थात्मक चित्र थोडक्यात : १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे ‘माविम’ स्थापन झाले आणि पुढे बचत गटांतून कर्जाने मशीन घेणे सुरू झाले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे.

२७/
आता ‘घरी बसून’ या शब्दांकडे परत येऊ. दुकानातला शिंपी इतिहासाला दिसतो. त्याची जात गॅझेटियरमध्ये आहे, त्याचा धंदा जनगणनेत आहे. ओसरीवरची बाई विचारणाऱ्याला स्वतःच सांगते, ‘मी काही करत नाही, घरीच असते.’ आणि तिच्या नावापुढे ‘घरकाम’ लिहिले जाते. ज्या बाईने तीस वर्षे मुलांच्या फीया भरल्या, ती कागदावर कधी कामच करत नव्हती. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत ‘सेवा’ ही संघटना उभारली तेव्हाची लढाईही मुळात हीच होती : हे काम आहे, हे आधी मान्य करा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून मोलाने काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

२८/
कागदात ती नसल्यामुळे पुरावा शोधायचा तो वस्तूंत. पायट्याच्या जाळीवर एका बाजूला झिजलेली नक्षी. मशीनच्या पाटावर खिळ्याने कोरलेले इंच. खणात मापांची वही, तिच्यात नावाऐवजी ‘मास्तरीणबाई’, ‘कोपऱ्यावरची सून’. वहीत दर बदलत गेलेले दिसतात. कुठल्या वर्षी पिको सुरू झाले, कुठल्या वर्षी पंजाबी ड्रेस आला, हे साल-तारखेनिशी सापडते. वऱ्हाडच्या गावांतील कपड्यांच्या इतिहासाला यापेक्षा भरवशाचे साधन माझ्या माहितीत नाही.

२९/
आणि ही साधने भंगारात चालली आहेत, किलोच्या भावाने. सांगाड्याला वजन आहे, म्हणून भाव मिळतो. पायट्याचे लोखंडी पाय शहरातल्या हॉटेलांत टेबलाखाली जातात, डोके वितळते आणि वही रद्दीत पडते.

३०/
म्हणून एक काम. घरात, आजोळी किंवा शेजारी जुनी सिंगर असेल तर तिच्या पाटाजवळ कोरलेला क्रमांक वाचा. आधी अक्षर नसेल तर मशीन बहुधा १९०० पूर्वीची. ‘एफ’ किंवा ‘वाय’ असे एकच अक्षर असेल तर १९३५ पूर्वीची क्लाइडबँकची. ‘जी’ असेल तर अमेरिकेतल्या न्यू जर्सीची. ‘ई’ने सुरू होणारी दोन अक्षरे असतील तर १९३५ नंतरची, पुन्हा क्लाइडबँकची. उषा किंवा रीटा असेल तर क्रमांकापेक्षा पावती शोधा. बहुतेकदा ती खणाच्या तळाला कागद म्हणून अंथरलेली असते.

३१/
क्रमांकाबरोबर एवढे विचारून ठेवा : मशीन कोणाच्या पैशाने घेतली, पहिला कपडा कोणाचा शिवला, त्याची शिलाई किती मिळाली. आजीला विचारत असाल तर ‘तू काम करत होतीस का’ असे विचारू नका, ‘नाही’ म्हणेल. ‘दिवाळीत रात्री किती वाजेपर्यंत मशीन चालायची’ असे विचारा आणि वही-पेन घेऊन बसा. जे मिळेल ते या धाग्याखाली लिहा. माणसांची नावे नकोत, गाव, साल आणि क्रमांक पुरे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरुळपीर, कारंजा या सहाही तालुक्यांतून काही आले, तर पुढचा धागा त्याचाच करू.